बाबांचं बीपी

दवाखान्यात माझ्या शेजारी एक नर्सिंगची विद्यार्थिनी आणि तिचे वडील बसले होते. तिच्या मांडीवर बीपीचं मशीन होतं, गळ्यात स्टेथोस्कोप.

"उद्या प्रॅक्टिकल, आणि आज रडत बसलीस?"

"बाबा, सकाळपासून अकरा वेळा तुमचं बीपी घेतलं. वरचा आकडा अकराही वेळा एकशे नव्वद!"

"म्हणजे अकराही वेळा चुकलीस. चिकाटी मात्र आहे हं तुझ्यात."

"आईचं बरोबर आलं. शेजारच्या काकूंचंही."

"बायका चांगुलपणानं सांभाळून घेतात. मी कडक पेशंट आहे. हं, बांध पट्टा."

"डोकं दुखतंय का तुमचं?"

"कालपासून. तुझ्या परीक्षेच्या काळजीनं."

"चक्कर?"

"उठताना येते. माझं सोड, तू कानाकडे लक्ष दे. किती?"

"एकशे नव्वद."

"अगं, एकशे वीस म्हणून मोकळी हो की!"

"जे ऐकू येईल तेच लिहायचं, असं शिकवलंय आम्हाला."

"मग ऐकण्यातच घोळ आहे. त्यासाठीच तर आणलं तुला इथं. अहो सिस्टर, हिचं नेमकं कुठं चुकतं, तेवढं बघता का?"

सिस्टरांनी पट्टा बांधला, ऐकलं, पुन्हा एकदा ऐकलं.

"एकशे नव्वद. काका, जागचे हलू नका. मावशी, व्हीलचेअर आणा लवकर!"

"ऐकलंस? बरोबर होतीस तू! अहो मंडळी, पोरगी बाराही वेळा बरोबर होती माझी!"

"बाबा, ओरडू नका ना, बीपी आणखी वाढेल."

"वाढू दे की! तुला मोजता येतं आता."