डाव्या हाताचा अंगठा

— नाही म्हटलं ना एकदा! साहेब ऑपरेशनमध्ये आहेत, आणि बाहेर असते तरी तुला भेटले नसते. जे काय असेल ते माझ्याशी बोल. अठरा वर्षं या खिडकीत बसते मी — कुठला कागद कुठल्या फायलीत, ते साहेबांना नाही, मला ठाऊक. आणि हात टॉवेलात गुंडाळून काय उभा राहिलास? मार्चमध्ये थंडी वाजते तुला? — हं, नाव काय म्हणालास? बुधा. सुरगाण्याकडचा. बायको चिमणाबाई, वय बावीस, द्राक्षाच्या कामावर असताना पोट दुखतं म्हणून डिसेंबरात आणलीस, तिची पिशवी काढली आम्ही. बरोबर? मग आता काय पाहिजे? तुला न विचारता काढली म्हणे! इथून गावी जाईस्तोवर जीपमध्ये कुणी ना कुणी शिकवतंच तुम्हाला. काय तर म्हणे ग्राहक मंच! अरे, मिक्सर बिघडला की जायचं तिथे. हो, पंच्याण्णव साली दिल्लीच्या कोर्टानं सांगितलं, डॉक्टरवरपण केस चालते — सांगितलं असेल! मंचाला कागद लागतो बाबा, रडगाणं नाही चालत.

मूल नाही तुम्हाला, माहितेय, चारदा सांगून झालं तुझं. आता होणारही नाही, तेही माहितेय. मी काय करू त्याला? पिशवी खराब होती. खराबच असते तुमच्याकडच्या बायांची — याच महिन्यात अकरा काढल्या, अकराच्या अकरा खराब. जाऊ दे, तो तुझा विषय नाही. आम्ही कागदाशिवाय सुरी लावत नाही, कळलं? भरती करतानाच सहा कागदांवर अंगठे घेऊन ठेवते मी, एका दमात. वर काय लिहायचं ते साहेब मागाहून ठरवतात. मग काय, ऐन वेळी शोधत फिरू तुम्हाला? एक बिडी ओढायला गेलेला, एक झाडाखाली आडवा! तूच बघ ना — बाई स्ट्रेचरवरून उतरायच्या आत तुला रक्त आणायला पिटाळला होता, तू उगवलास दुपारी, तोवर सगळं आटोपलं होतं, तुझा अंगठा मग — म्हणजे आधीच घेतला असणार. घेतलाच होता. हा माझा अंगठा बघ, कायम निळा. तुमचे अंगठे धरून धरून शाई जात नाही, कणीक मळायला बसले की सासू नाक मुरडते.

ही घे फाईल. हा कागद. 'पत्नीचे गर्भाशय काढण्यास माझी संमती आहे.' खाली तुझं नाव, आणि ही निशाणी, डाव्या हाताचा अंगठा. तसं लिहिलंयसुद्धा शेजारी. वाचता येत नाही ना? म्हणून वाचून दाखवते. घे, हातात घे, डोळे भरून बघ. मी स्वतः धरला होता तुझा अंगठा, चांगलं आठवतंय मला. मंचापुढे शपथेवर सांगेन. — तुझा नाही म्हणतोस? मग काय माझा आहे? चल, आत्ताच सोक्षमोक्ष लावू. हा पॅड, हा कोरा कागद. काढ तो टॉवेल. डावा हात पुढे कर. अरे, नव्या नवरीसारखा लाजतोस काय? काढ म्हणते ना!

— अगंबाई.

अंगठाच नाही! हे कधी झालं? कडबाकुट्टीत तुटला? पण आत्ताच ना? गेल्या महिन्यात वगैरे? — लहानपणी.

मग उजवा घेतला असेल. गर्दीत होतं असं, उजव्याचं डावं लिहिलं जातं, माणूसच आहे मी. आण तो कागद इकडे. घडी का घालतोस? हॉस्पिटलचा कागद आहे तो, खिशात नाही घालायचा. ऐक ना. अहो — अहो बुधादादा, असं नेता येत नाही हो फाइलीतलं काही! माझ्या अंगठ्याकडे काय बघताय असे? बसा ना जरा, त्या खुर्चीत बसा, पंख्याखाली. साहेब रिकामेच आहेत आत, आत्ता बोलावते. चहा सांगू? बुधादादा —