आपल्याच बँडच्या आधी

ताई : थांबवा रे सराव. मास्तर, तूपण थांब. बाळ, तो फोन इकडे दे आधी.

गायक : अगं, कार्यक्रमाच्या आयोजकांचा मेसेज होता फक्त. तू वाजव ना, चांगलं रंगलं होतं.

ताई : काय डोंबल रंगलं होतं! दिवसभर मी शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून गाडी शिकवते. कोण रस्त्याकडे बघतोय आणि कोण दुकानांच्या पाट्या वाचतोय, ते मला मान न वळवता कळतं. काय म्हणतायत आयोजक?

गायक : म्हणतायत, शेवटच्या गाण्याआधी मी दोन मिनिटं बोललो तरी चालेल.

ताई : कशाबद्दल?

गायक : नव्या अल्बमबद्दल.

ताई : कुणाच्या?

गायक : ताई, आता तू...

ताई : कुणाच्या, विचारतेय. आपल्या ‘भोंगा’चा नवा अल्बम निघतोय आणि ड्रम वाजवणारीलाच पत्ता नाही, असं तर नाही ना?

गायक : माझा आहे. माझा एकट्याचा. कार्यक्रमाच्याच आठवड्यात येतोय.

ताई : अस्सं. तरी म्हटलं, इतक्या वर्षांनी आमचे बंधुराज स्वतः दारात कसे? माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर, शिकायला आलेल्या पोरींच्या रांगेत मुकाट बसून राहिलास. आणि मला काय म्हणालास? ‘एकदा सगळे मिळून वाजवू, आईला बरं वाटलं असतं.’ आईला मध्ये घातलंस रे!

गायक : आईला बरं वाटलंच असतं.

ताई : वाटलं असतं. पण तुला अल्बम खपवायचाय.

गायक : दोन्ही खरं आहे! दोन्ही खरं असू शकत नाही का? मास्तर, तू तरी बोल.

मास्तर : असू शकतं. वर्गसमीकरणाला दोन उत्तरं असतात, हे मी शाळेत रोज सांगतो. मुलं एक लिहून मोकळी होतात आणि अर्धे मार्क घालवतात. तूही एकच सांगितलंस. पण मला अंदाज होता.

ताई : तुला अंदाज होता, आणि तू गप्प बसलास? गप्प बसायला आपल्याकडे एक मौनी पुरे नाही का? बघ, बेस गिटार गळ्यात अडकवून कसा ढिम्म उभा आहे.

मास्तर : याचे आधीचे तिन्ही अल्बम आहेत माझ्याकडे. पहिला बरा चालला. दुसरा रखडला. तिसऱ्याच्या वेळी मी याच्या कार्यक्रमाला गेलो होतो. आम्ही ऐकणारे इतके कमी होतो, की यानं एकेकाचं नाव विचारून आभार मानले असते तरी वेळ उरला असता.

गायक : तू आला होतास?

मास्तर : मागे होतो. खांबाआड.

गायक : मग भेटला का नाहीस?

मास्तर : तुला बरं वाटेल आणि खरंही असेल, असं एकही वाक्य सुचेना.



ताई : बाळ, चेहरा नको पाडूस. मला एवढंच म्हणायचंय, की लोक येणार आपलं जुनं ‘खिडकी उघड’ ऐकायला, आणि त्यांच्या खिशात तू हळूच नवी गाणी सरकवणार. हे मला आवडलेलं नाही.

गायक : मग काय करू सांग! एकट्याच्या नावावर मला कोणी उभं करत नाही, ताई. फोन उचलतात, गोड बोलतात, ‘कळवतो’ म्हणतात. ‘भोंगा’ म्हटलं की आख्खं मैदान देतात. तोंड तेच, गळा तोच! तुम्ही तिघं मागे असलात की मी गायक, आणि नसलात की मी कोण? एवढंच मला कुणीतरी सांगा.

ताई : मौनी, बेस उतरव. चहा घेऊ. मास्तर, तो स्टूल ओढ. आणि बाळ, तू इथे माझ्यासमोर बस. ऐक. दोन मिनिटांच्या भाषणानं कोणी गाणं ऐकत नाही. बोलतोस तर तू अगदीच रद्दी. तू आधी जा.

गायक : कशाच्या आधी?

ताई : आमच्या. एकटा जा, गिटार घे, नवी गाणी म्हण. तुझं झालं की आम्ही येतो.

गायक : म्हणजे माझ्याच बँडच्या आधी मी वेळ काढायचा? ते काम नवख्या पोरांना देतात, ताई!

ताई : गाणी नवी आहेत ना? मग तू नवखाच.

गायक : हुर्यो उडवतील माझी.

ताई : उडवतील थोडी. काहीजण खायला जातील. पण जे उभे राहतील ते तुझे. आम्ही मागून ढकललेले नाहीत. तुझे.

मास्तर : मला पटतंय. फक्त ते चकाचक काम नको. तिसऱ्या अल्बमात स्टुडिओवाल्यांनी तुझ्या गळ्यावर इतकं रंगकाम केलंय, की आधी मला वाटलं कोणी दुसराच गातोय. साधी लाकडी गिटार आणि एक माइक. बस.

गायक : आणि फजिती झाली तर?

ताई : तर आम्ही धावत येऊ, ‘खिडकी उघड’ सुरू करू आणि तुला पोटाशी घेऊ. मोठी बहीण कशाला असते?

गायक : मौनी, तुझं काय मत? ... मान हलवली त्यानं. ताई, हे हो का नाही?

ताई : हो आहे. नाही म्हणायचं असलं की तो खांदे उडवतो.

*

(मैदान. संध्याकाळ. मंचाच्या कडेला, पडद्याआड ताई आणि मास्तर. गायक एकटा माइकसमोर.)

मास्तर : त्या काठ्या खाली ठेव. मांडीवर ठोकते आहेस, त्याला ऐकू जाईल.

ताई : मला बघवत नाही रे. तू सांग. लोक काय करतायत?

मास्तर : पुढचे आपापसात बोलतायत. मधले फोनमध्ये आहेत. मागे खाण्याच्या गाड्यांपाशी रांग वाढतेय.

ताई : पहिलं गाणं संपलं ना? टाळ्या पडल्या?

मास्तर : पडल्या. सभ्य टाळ्या.

ताई : मेलं! सभ्य टाळ्या म्हणजे संपलंच. मीच ढकललं रे त्याला. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीपण एक ब्रेक असतो. समोरचा कितीही गोंधळला तरी मी गाडी थांबवू शकते. इथे माझ्या पायाखाली काहीच नाही.

मास्तर : गाडी चाललीय अजून. थांब, कोणीतरी ओरडलं.

ताई : काय ओरडलं?

मास्तर : ‘जुनं म्हण!’

ताई : झालं! मी चालले. ड्रमवर जाऊन बसते आणि सरळ सुरू करते.

मास्तर : खाली बस. तो हसतोय.

ताई : कोण, ओरडणारा?

मास्तर : आपला. ऐक ना, काय म्हणतोय... ‘जुनंच म्हणतोय, काका. फक्त तुम्ही अजून ऐकलेलं नाहीये.’

ताई : लोक हसले!

मास्तर : काकापण हसले. बघ, पुढच्यांच्या माना वर आल्या. आता त्यानं उशीर करू नये... नाही केला. सुरू झाला.

ताई : ही चाल कुठली? ही मला माहीत नाही.

मास्तर : नव्या अल्बमातली असेल. शब्द ऐक.

ताई : ‘उशिरा आलो, दिवा मालवलेला... ओट्यावर एक ताट, झाकलेलं...’ मास्तर.

मास्तर : हं.

ताई : हे आमचं घर आहे.

मास्तर : थोडं माझंही. आपण वाजवून परत यायचो आणि तुझ्या आईनं चार ताटं झाकून ठेवलेली असायची. मौनीच्या ताटात सगळ्यात जास्त वाढलेलं.

ताई : आणि सकाळी ना रागावणं, ना बोलणं. एवढंच विचारायची, ‘लोक आले होते का रे?’ कोणी आलेलं नसायचं, आणि हा ठोकून द्यायचा, ‘खूप आले होते, आई.’

मास्तर : तेच आलंय बघ आता. ‘विचार ना आई, लोक आले का... खोटं बोलायची सवय सुटली...’

ताई : गाढव आहे. मला आधी ऐकवलं का नाही?

मास्तर : तू ऐकलं असतंस?

ताई : नसतं ऐकलं. मास्तर, एवढं चिडीचूप का झालं? उठून गेले का सगळे?

मास्तर : कोणी हललेलं नाही. खाण्याच्या रांगेतले इकडे वळून उभे आहेत. हातात कागदी बश्या आहेत, पण कोणी खात नाहीये.

ताई : सरक. मला बघू दे.

मास्तर : तरी म्हणत होतो.

ताई : ओरडणारे काका कोणते?

मास्तर : ते. चष्मा काढून शर्टानं पुसतायत ते.

ताई : बाळचा आवाज बघ रे. चिरका झालाय थोडा, वर गेला की फाटतोय. पण त्याचा आहे. लहानपणी न्हाणीघरात गायचा तसा. का थांबला? विसरला का?

मास्तर : संपलं गाणं.

ताई : मग कोणी काही करत का नाही? मास्तर, कोणी टाळ्या का... अगं बाई! अगं बाई गं!

मास्तर : कान दुखले.

ताई : दुखू देत! असा आवाज आपल्याला कधी मिळाला होता का रे?

मास्तर : मिळाला होता. पण तेव्हा भागिले चार. हा आख्खा त्याचा.

ताई : ‘अजून एक’ म्हणतायत! ऐकलंस? काकाच सगळ्यांत पुढे! पण तो आयोजक बघ, मनगटावर बोट आपटतोय. वेळ संपली म्हणे. आता कुठे संपली?

मास्तर : मौनी गेलाय त्याच्याकडे.

ताई : कशाला?

मास्तर : बोलतोय त्याच्याशी.

ताई : मौनी? तोंडानं?

मास्तर : तोंडानं. चांगली लांबलचक वाक्यं दिसतायत. आयोजक दोन पावलं मागे सरकला... आणि आता बाळला खूण करतोय. म्हण म्हणतोय.

ताई : धर या काठ्या.

मास्तर : का?

ताई : मला टाळ्या वाजवायच्यात.

*

(काही महिन्यांनी. ताईकडे.)

गायक : आलो, आलो. सरळ गाडीतून उतरून इकडेच आलो. घसा पार बसलाय, आज माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

ताई : कालच्या तुझ्या कार्यक्रमाचं आधी सांग.

गायक : भरलं, ताई! मागच्या भिंतीला टेकून लोक उभे होते. आणि बाहेरच्या पोस्टरवर ‘भोंगाचा गायक’ असं नव्हतंच. नुसतं माझं नाव. मी रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला गेलो आणि तिथून पुन्हा वाचलं. तिकडचा भाजीवाला म्हणाला, ‘कोणी नातेवाईक आहे का?’

मास्तर : आणि गळ्यावरचं रंगकाम?

गायक : खरवडून टाकलं. अल्बम पुढे ढकलला आणि सगळी गाणी नव्यानं म्हटली, त्या संध्याकाळसारखी. कंपनीवाला आधी फुगून बसला होता. आता ज्याला त्याला सांगतो, ‘कल्पना माझीच.’

ताई : सांगू दे. आपलं काय जातं?

गायक : पण ताई, एक मनात येतं. तुम्ही नसता, तर ते मैदानच मिळालं नसतं. मग हे यश माझं का तुमचं?

ताई : मैदान आमचं होतं. पण मैदान भरल्यावर ते शांत कोणी केलं? मला तर ड्रम घेऊनसुद्धा ते कधी जमलं नाही.

मास्तर : ड्रम घेऊन कसं जमेल?

ताई : तू गप रे. बाळ, कामाचं बोलू. आपल्याला पुन्हा बोलावणी आलीत, चांगली तीन ठिकाणांहून. ‘भोंगा’ हवाय म्हणे. सराव सुरू करायला हवा. बुधवारी येशील?

गायक : बुधवारी माझा कार्यक्रम आहे.

ताई : मग शुक्रवार.

गायक : शुक्रवारीपण आहे. शनिवारी दुपारी रेकॉर्डिंग आणि संध्याकाळी कार्यक्रम.

मास्तर : पुढच्या आठवड्यात?

गायक : पुढचा आठवडा तर मी बाहेरगावीच आहे. थांबा, मी एखादा रद्द करतो. विचारून बघतो त्यांना.

ताई : खबरदार रद्द केलंस तर!

गायक : अगं, पण मग तुम्हाला किती थांबावं लागेल.

ताई : थांबू की. इतकी वर्षं थांबलो ते तुझा फोन येत नव्हता म्हणून. आता तुला वेळ नाही म्हणून थांबायचं. हे थांबणं कितीतरी बरं आहे.