कापूस तोच असल्याबाबत

जबाब देणाऱ्याचे नाव सोबतच्या अर्जावर आहे. लोक पेंटर म्हणतात. वय अडुसष्ट, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, हल्ली हात थरथरतो म्हणून फक्त घरांचे नंबर. राहणार बेकरीमागची गल्ली, तिसरा मजला, उजवीकडचे दार.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व माझी पत्नी असे दोघेच राहतो. सोबत एक कुत्रा आहे. रंग पांढरा, केस लांब, अंगाने मांजराहून थोडा मोठा, वय नऊ, हाक मारण्याचे नाव कापूस. पत्नीने तीस वर्षे नाटकमंडळींसाठी केसांचे टोप तयार केले. केस चिमटीत धरून ती माणसाचे वय सांगत असे. चार वर्षांपासून तिची दृष्टी कमी होत गेली व आता तिला फक्त खिडकी कोणत्या बाजूला आहे एवढे कळते. रोज दुपारी ती खिडकीशी बसून कुत्र्याचे केस विंचरते. तासभर तरी चालते. त्या वेळी ती बोलत नाही, कुत्रा हलत नाही, आणि उन्हात पांढरे केस तरंगताना पाहून मला खोलीचा मजला जरासा वर उचलला गेल्यासारखे वाटते. हे लिहायचे का, असे पोलीस ठाण्याच्या अंमलदार साहेबांनी विचारले. मी लिहा म्हटले.

वरच्या अंगाचे केस पत्नीने विंचरायचे व पोटाखालचे मी, अशी आमची वाटणी आहे, कारण पोटाखाली हात गेला की कुत्रा उलटतो आणि पत्नीला ते वेळेत दिसत नाही. थंडी सुरू झाल्यापासून मी माझ्या वाटणीचे काम केलेले नाही. आज करू, उद्या करू म्हणत तीन महिने गेले. पोटाखाली गुंता होऊन घोंगडीसारखा थर जमला. पत्नीला हे सांगितले नाही.

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता मी कुत्र्याला पुलाजवळच्या ग्रूमिंग पार्लरमध्ये नेले. घरी "नखं कापून आणतो" इतकेच सांगितले होते. पार्लरवाल्या बाई चाळिशीच्या, बोलायला तुटक. पोटाखालचा गुंता काढा, बाकी एका केसाला हात लावू नका, असे मी त्यांना दोनदा सांगितले. आत पिंजऱ्यात अगदी तसाच एक पांढरा कुत्रा आधीपासून होता. मी बाहेरच्या खुर्चीवर बसलो. केस वाळवण्याचे यंत्र सुरू होते, दाराखालून ऊबदार वारा पायांवर येत होता, आणि माझा डोळा लागला.

झोपेत मला पत्नी दिसली. तिला सगळे दिसत होते. ती शिडीवर चढून मी रंगवलेली एक मोठी पाटी पुसत होती आणि अक्षरे एकेक करून खाली माझ्या ओंजळीत पडत होती, अजून ओली. तिने विचारले, "सगळं काढू?" मी म्हणालो, "काढ." मला त्याचे वाईट वाटत नव्हते. बाईंचे म्हणणे असे की, गुंता चारही पायांपर्यंत चढला आहे, सगळे केस काढावे लागतील, काढू का, असे त्यांनी बाहेर येऊन विचारले व मी डोळे मिटून "काढ" म्हणालो. मी परक्या बाईंना अगं-तुगं करत नाही, यावरून ते उत्तर त्यांना नव्हते हे उघड आहे. पण ते माझ्या तोंडून गेले हेही मी नाकारत नाही.

दीड वाजता जाग आली. टेबलावर एक गुलाबी प्राणी उभा होता. पाठ, पाय, शेपूट, मिशा, सगळे साफ. डाव्या कानाच्या टोकाला काप गेलेला व त्यावर पावडर थापलेली. मी विचारले, "हे काय केलंत?" बाई म्हणाल्या, "हलला तो, काका. एवढंसंच लागलंय." मी म्हणालो, "आणि केस?" त्यावर बाई चिडल्या. "तुम्हीच हो म्हणालात. आणि गुंत्याखाली काय झालं होतं ते कधी बघितलंत का? पाऊल टाकताना दुखत होतं त्याला." हे मला मान्य आहे. कानाबद्दल मात्र त्यांनी मी विचारेपर्यंत अवाक्षर काढले नाही, ही माझी तक्रार आहे. दुसरा पांढरा कुत्रा तेव्हा पिंजऱ्यात नव्हता.

कुत्र्याला सदऱ्याच्या आत घेऊन मी चालत घरी निघालो. तो थरथरत होता व फार हलका लागत होता. त्या रस्त्यावरच्या बहुतेक पाट्या माझ्या हातच्या आहेत. मी वाचत चाललो. शिंपी, चष्मेवाला, किल्ल्यांचे दुकान. त्या दिवशी त्यातली कोणती मी रंगवली आणि कोणती नाही हे मला ओळखता येईना. ऊन इतके पांढरे होते की माणसे मधूनच नाहीशी होत आणि थोडी पुढे पुन्हा दिसत. घर कधी आले ते कळले नाही.

दार पत्नीनेच उघडले. तिने नेहमीसारखा हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "हा कोण?" मी म्हणालो, "कापूस. केस कापलेत त्याचे." ती म्हणाली, "अहो, पुन्हा तेच?"

याचा खुलासा असा की, तीन वर्षांपूर्वी तिचा पिंजऱ्यातला निळा पक्षी मेला, तेव्हा मी त्याच दिवशी तसाच दुसरा आणून ठेवला होता. तिला दुःख नको एवढाच हेतू. तिसऱ्या दिवशी तिने पिंजऱ्यात बोट घातले व माझी लबाडी पकडली. आता तिचे म्हणणे असे की कापूस पार्लरमध्ये मेला आणि मी तिला हे दुसरेच काहीतरी आणून दिले. मी पुरावे दिले. खालचे दोन दात नाहीत, मागच्या पायाचे एक नख काळे आहे. ती म्हणाली, "तुम्ही पेंटर. नख काळं करायला तुम्हाला कितीसा वेळ?" चार दिवस तिने कुत्र्याला हात लावलेला नाही. दुपारी ती खिडकीशी बसते, कंगवा मांडीवर असतो, कुत्रा तिच्या पायांशी जाऊन बसतो आणि ती पाय उचलून घेते. ते मला बघवत नाही.

आज सकाळी ती म्हणाली, "कुत्रा हरवल्याची तक्रार तुम्ही द्या, नाहीतर मी देते." म्हणून आम्ही तिघे इथे आलो. अंमलदार साहेब म्हणाले, "काका, कुत्र्याची हजामत कुठल्या कलमात बसवू?" मी म्हणालो, कलम नको. माझे म्हणणे लिहून घ्या आणि तिच्यासमोर तिऱ्हाइताच्या आवाजात मोठ्याने वाचा. माझ्या आवाजावर तिचा भरवसा राहिलेला नाही.

तरी खरे ते सांगतो. हा कापूसच आहे असे मी चार दिवस छातीठोकपणे सांगत असलो तरी, मला स्वतःला पक्की खात्री नाही. मी झोपलो होतो. आत एकसारखे दोन कुत्रे होते. हा कापूस म्हटले की येतो, पण पेंटर म्हटले तरी येतो. दात व नख जुळतात म्हणून बहुधा तोच असावा, याहून जास्त मला शपथेवर सांगता येणार नाही.

आणखी एक. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये थांबवून सांगितले होते की दृष्टी परत येणार नाही. मी बाहेर येऊन पत्नीला "वर्षभर धीर धर, येईल" असे सांगितले. ती अजून डोळ्यांत औषध घालते. बाटलीत औषध नसून साधे डोळे धुण्याचे पाणी आहे. तेही मीच भरतो. याचा कुत्र्याशी संबंध नाही असे साहेबांचे मत पडले. माझे मत वेगळे आहे.

वरील सर्व मजकूर साहेबांनी बाकावर बसलेल्या माझ्या पत्नीसमोर सावकाश वाचला. मी सांगितल्याप्रमाणेच तो लिहिला आहे. ऐकून ती जे बोलली ते माझ्या विनंतीवरून शब्दशः जोडले आहे: "पाणी आहे ते मला पहिल्याच थेंबाला कळलं. तुम्ही इतक्या काळजीनं भरत होतात, म्हणून घालत राहिले. आणि कुत्र्याचं म्हणाल, तर आताही खात्री आहे म्हणाला असतात ना, तर मी घेतला नसता. द्या इकडे."