दोनच इंच हो!

...आणि वर मलाच म्हणते, "चाकं बदललीत ना, मग आता त्या चाकालाच शेजारी बसवा!" घ्या! आता तुम्हीच सांगा, सव्वीस वर्षांच्या संसारात मी केलं काय? दारू नाही, पत्ते नाहीत, सिगरेट फक्त वासापुरती आणि तीही दुसऱ्याची... एक हौस केली माणसाने, एक! गाडीची चाकं पंधरा इंचांची होती, ती सतराची केली. दोनच इंच हो, दोनच इंच! तर आमच्या मेधाने, लग्नाच्या बायकोने, माझ्या गाडीत बसायचंच सोडलं.

तुम्हाला सांगतो, सगळ्याच्या मुळाशी तो चारुदत्त. इथे सिंगापुरात, बुओना व्हिस्टाला माझ्या ऑफिसात, शेजारच्या टेबलावर. स्वतःकडे गाडी नाही, पण मतं बघा! एकदा पार्किंगमध्ये कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणतो कसा, "निशिकांत, गाडी झकास आहे रे, पण चाकं... उत्तप्प्याएवढी!" उत्तप्पा! झालं, माझी झोप उडाली. आता मोठी गाडी घ्यायची म्हटलं तर सिंगापुरात पुण्याचा फ्लॅट विकावा लागतो, म्हणून म्हटलं, मोठी गाडी नाही तर नाही, मोठं चाक तर घेऊ!

गेलो टायरवाल्याकडे. आह हुआत नावाचा म्हातारा, जन्म टायरात गेलेला. इथल्या खास इंग्रजीत म्हणाला, "अंकल, फिफ्टीन व्हेरी गुड वॉट! व्हाय चेंज?" म्हटलं, जरा रुबाब हवा. तर मान हलवत म्हणतो, "शो कॅन. सिट कॅनॉट लाह!" म्हणजे दाखवायला छान, बसायला नाही! मग बसला उकिडवा आणि खडूने जमिनीवर दोन गोल काढून मला शिकवणी. चाकाचा बाहेरचा घेर तेवढाच ठेवायचा, कारण तो वाढला तर चाक वर घासणार आणि वेगाचा काटा खोटं बोलणार. म्हणून आतली धातूची रिम मोठी करायची. मग ते दोन इंच आणायचे कुठून? रबरातून! एक इंच वरून, एक खालून. आणि रबराच्या आत काय असतं? हवा! "अंकल, यू सिट ऑन एअर," म्हणे. मी मनात म्हटलं, हवेचं काय एवढं कौतुक, हवा फुकट मिळते!

बसवली चाकं. काय दिसत होती म्हणून सांगू! मी गाडीभोवती चार प्रदक्षिणा घातल्या. आणि मग गाडी चालवली...

तुम्हाला सांगतो, गाडी तीच, इंजिन तेच, पण जड चाकं फिरवता फिरवता त्या बिचाऱ्याची दमछाक. सिग्नल हिरवा झाला की मी दाबतोय, दाबतोय, आणि शेजारून सायकलवरचे एक आजोबा बेल वाजवत पुढे! पेट्रोल तर घटाघटा पिते. म्हणजे फायदा काहीच नाही असं नाही हं, वळणावर पकड जबरदस्त. पण वळण कुठे आहे हो इथे? सगळा रस्ता सरळ! वळण एकच, आमच्या टॅम्पिनीसच्या कारपार्कात सातव्या मजल्यावर चढताना, तिथे मी ताशी दहाने जातो... पण काय पकड!

आणि शेजारी मेधा. पहिल्याच शनिवारी टेक्का बाजाराला भाजी आणायला निघालो, आणि पाच मिनिटांत, "अहो, आत्ता आपण कशावरून गेलो?"

"कशावरूनच नाही."

"मग खाली काय होतं?"

"पांढरा पट्टा होता, रंगवलेला."

"मला लागला तो!"

रंग लागला हो हिला, रंग! पुढे स्पीडब्रेकरचा हंप आला तेव्हा तर "आई गं" अशी ओरडली की बाहेरचा पोस्टमन थांबला. फ्लायओव्हरवर ते सांधे असतात ना, टक, टक, टक... प्रत्येक टकला माझ्याकडे एकदा बघायची. मी समोर बघून, "सवय होईल गं, दोनच इंच तर आहेत!" तिसऱ्या शनिवारी म्हणाली, "थांबवा." थांबवली. "माझी कंबर तुमच्या हौसेपेक्षा जुनी आहे," म्हणाली, पिशवी उचलली, आणि चालत गेली बसस्टॉपवर. मला वाटलं, येईल परत. बस आली, ही चढली, बस गेली.

आता तुम्ही म्हणाल, मग काय झालं, बायका बसने जातात की! जातात हो. पण तुम्हाला एक गंमत सांगू? आमचं बोलणं सगळं गाडीत व्हायचं. घरात कुठे बोलतो आपण? ती फोनवर आर्याशी, आमची लेक मेलबर्नला शिकते ना, आणि मी लॅपटॉपवर. पण गाडीत बसलं, दोघं समोर बघायला लागलो, की सुरू... आर्याचा आवाज आज बारीक वाटला का, इथेच राहायचं की पुण्याला जायचं, आपल्यातलं आधी कोण जाईल... समोर बघून बोलता येतं हो असलं. तोंडाकडे बघून नाही येत.

आणि आता शेजारची सीट रिकामी. एकदा एकटाच जाऊन तांदूळ आणला, दहा किलोची पिशवी, ठेवली तिच्या सीटवर, तर गाडी ओरडायला लागली, टिंग टिंग टिंग... का? तर तिला वाटलं, माणूस बसलंय, पट्टा लावा! गाडीलासुद्धा आशा, बघा! लावला पट्टा. तांदळाला! आणि चांगी विमानतळाच्या रस्त्याला मी काय केलं असेल? बोललो. "आर्या सुट्टीत येणार नाही म्हणते," असं तांदळाला सांगितलं मी! तांदूळ चांगला, ऐकून घेतलं. पण "तुम्ही रागावू नका तिच्यावर" असं नाही म्हणाला ना...

मग एका शनिवारी मी काय केलं, सांगू नका कुणाला, हिच्या बसच्या मागे गाडी घातली. मागच्या काचेतून हिचं डोकं दिसत होतं, शेजारी नवव्या मजल्यावरची लिम आंटी. हंप आला. बस अशी डुलली, पाळण्यासारखी, आणि दोघी हसत होत्या. मागून मी आलो, धाड! माझी कवळी हलली. बसचं चाक बघितलंत कधी? केवढं मोठं, पण रबर कसं गुबगुबीत! पटलं मला. आवडलं नाही, पण पटलं. किती दिवसांनी मी तिला हसताना बघत होतो, आणि तेही काचेतून, मागून.

सोमवारी गेलो आह हुआतकडे. माझी जुनी पंधराची चाकं त्याने कोपऱ्यात झाकून ठेवली होती! म्हणाला, "आय नो यू कम बॅक." सगळे येतात म्हणे.

आणि परवाचा शनिवार. गाडी धुतली, पुसली, बिल्डिंगखाली आणून दार उघडून उभा राहिलो. "बस गं, आता रंगाचा पट्टा तर सोडच, उंदरावरून गेलो तरी लागणार नाही." ती वाकली, टायर अंगठ्याने दाबून बघितला, आंबा बघतात तसा, आणि म्हणाली, "छान केलंत हो." माझा जीव भांड्यात! आणि पिशवी खांद्याला लावत म्हणते, "पण लिम आंटी स्टॉपवर थांबली असेल. आमचं शनिवारचं ठरलेलं असतं. तुम्हीच चला की बसने!"

गाडी धुतलेली, दार उघडं... बंद केलं, आणि गेलो. बसमध्ये मागच्या लांब बाकावर मेधा, लिम आंटी, तिच्या दोन बहिणी आणि भाजीसाठी आणलेली, फुलाफुलांच्या कापडाची, परकर घातल्यासारखी एक रिकामी ट्रॉली. मी समोर उभा. मेधाने वर बघितलं, डोळ्यांत अगदी पूर्वीची माया हो, खोटं नाही सांगत, आणि म्हणाली, "अहो, उभे का? या, बसा ना इथे," आणि माझ्यासाठी सरकली.

किती सरकली?

दोनच इंच हो... टेक्का येईपर्यंत उभा होतो.