कटिंग मास्तरांना न पोहोचलेल्या चिठ्ठ्या

सांगायचं नव्हतं खरं तर. मला बजावलं होतं, वहिनींना घर दाखव, गच्ची दाखव, पण त्या खोलीबद्दल अवाक्षर काढू नकोस — आणि मी तशीही कुठे बोलते कुणाशी, शाळेत मला ‘मुकी’ म्हणतात, हजेरीलासुद्धा नुसता हात वर करते. पण तुम्ही कडीकडे बघितलंत ना. वर आलं की सगळे खिडकीकडे जातात, तुम्ही मात्र दाराला बाहेरून लावलेली कडी बघितलीत, आणि मग खाली, गुडघ्याच्या उंचीवर, जिथे रंग जरा ताजा दिसतो तिथे. तिथे ओरखडे होते. नखांचे. — वहिनी म्हटलं तर चालेल ना? लग्न व्हायचंय अजून, माहितेय, पण दादाने तुमचं नाव फोनमध्ये काय म्हणून ठेवलंय ते मी बघितलंय, त्यापेक्षा वहिनी बरं.

बसा ना. पलंग माझाच आहे, खोली आता माझीच. आधी आत्याची होती. — हो, तीच आत्या, मघाशी तुम्हाला हसवून हसवून ठसका लावला ती. ती इथे राहायची. म्हणजे कोंडलेली — पण कोंडलेली म्हणायचं नसतं आमच्याकडे, ‘वर असायची’ म्हणायचं. मी लहान होते तेव्हा ती वर असायची. आई ताट घेऊन यायची, मी मागे पदर धरून, आणि आत्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसलेली असायची, माझ्याकडे बघायची पण मी तिला दिसायचे की नाही कोण जाणे. आणि गप्प राहायचं हे आईने नाही सांगितलेलं, आत्यानेच सांगितलंय. म्हणाली, निदान एका माणसाने तरी मला आधी हसताना बघू दे, बाकीचं नंतर कळू दे. तिने एवढंच मागितलं होतं — आणि मी ते मोडतेय.

वेड नव्हतं हो ते. सगळ्यांना वाटायचं वेड. आधी पोटात कळा यायच्या, इतक्या की ती भिंतीवर डोकं आपटायची, डॉक्टर पोट दाबून बघायचे, फोटो काढायचे, काहीच सापडायचं नाही. मग म्हणायचे नाटक करते. मग झोप उडायची, आणि मग तिला नसलेले आवाज ऐकू यायचे. तिला शांत करायला गोळ्या द्यायचे ना, तर त्या गोळ्यांनीच ते वाढायचं — हे केव्हा कळलं, तर कितीतरी वर्षांनी, एक नवीन डॉक्टरबाई आल्या तेव्हा. त्यांनी काय केलं — सांगायला लाज वाटते — त्यांनी आत्याची लघवी एका काचेच्या बाटलीत घालून उन्हात ठेवायला लावली. दुपारपर्यंत जांभळट लाल झाली. आई ती बाटली हातात धरून जिन्यात बसली आणि रडत राहिली. कशाला रडली? आजार सापडला म्हणून की इतकी वर्षं कडी आपणच लावत होतो म्हणून, मी कधी विचारलं नाही.

जरा मोठ्याने बोलते हं, खालच्या मशीनच्या आवाजात तुम्हाला ऐकू येत नसेल.

तर काय होतं, बाबांचा शर्टांचा कारखाना बघितलात ना खाली? कटिंग मास्तर कापड कापतात, पुढे कुणी कॉलर लावतं, कुणी बाह्या, शेवटी काज-बटण. समजा बाह्या लावणाऱ्या मावशींचा हात दुखतोय, अर्धंच काम होतंय, आणि मास्तर मात्र कापतच सुटलेत — काय होईल? अर्धवट शर्टांचे ढीग, चालायला जागा नाही, माणूस गुदमरेल. आत्याच्या लिव्हरमध्ये तेच होतं. रक्ताचा लाल रंग ज्याने येतो ते तिथेही बनतं, आणि मधली एक पायरी तिच्यात जन्मापासून अधू आहे. उपाशी राहिलं, पाळी आली, की मास्तर आणखी जोरात कापायला लागतात, अर्धवट माल साचतो आणि नसांना विषासारखा बाधतो. आता आत्याला जे इंजेक्शन देतात ते काय करतं, तर मावशींचा हात बरा नाही करत. ते मास्तरांकडे जाणारी ‘कापा’ म्हणणारी चिठ्ठी अडवतं. जनुक असतं ना, ते स्वतः जागचं हलत नाही, आपल्या हुकमाच्या नकला बाहेर पाठवतं, आणि एक चिमुकला आरएनए त्या नकलेला बरोब्बर चिकटतो नि ती कापली जाते. हुकूम पोहोचतच नाही. आणि ही युक्ती माणसाची नाही बरं का, असे चिमुकले आरएनए पेशींमध्ये आधीपासूनच आहेत, तुमच्यात, माझ्यात, कुठलं जनुक फार बोलायला लागलं की त्याला हळू करतात. माणसाने फक्त त्यांच्याकडून शिकून घेतलं. — हसताय तुम्ही. शाळेत हे फळ्यापाशी उभं राहून सांगायचं होतं, मी तोंडच उघडलं नाही.

पण जनुक जात नाही, वहिनी. खोडलं जात नाही. ते तिथेच बसून हुकूम लिहीतच असतं, लिहीतच असतं, आपण नुसत्या चिठ्ठ्या फाडायच्या. म्हणून आत्याला दर महिन्याला इंजेक्शनला जावं लागतं. मला कधीकधी वाटतं, त्याला कळत असेल का, की आपलं कुणी ऐकत नाही?

— काय? मशीन? ते खालचं, तेच, मघापासून चाललंय ते... आज बंद आहे? हो. हो की. तुम्ही येणार म्हणून बाबांनी कारखाना बंदच ठेवलाय. मग मला... नाही, नाही येत आवाज. माझंही तेच म्हणणं. आत्याला यायचा, तिला बंद कारखान्यातलं मशीन ऐकू यायचं, ती म्हणायची त्याला थांबवा, त्याच्याकडचं कापड संपलंय, ते आता बोटं शिवतंय — ते सांगता सांगता माझ्या डोक्यात बसलं असेल.

असं बघू नका ना. दादाची तपासणी झालीय, त्याच्यात नाही, तुम्हाला घाबरायचं काही कारण नाही. माझी? माझी नाही केली. आत्यानेच करू दिली नाही, म्हणाली पोरीला सुया कशाला टोचता. इंजेक्शन घेऊन आली की माझी हनुवटी धरते आणि म्हणते, “माझ्यावर संपलं गं हे, चिमणे.” दर वेळी म्हणते. तिला मी काय सांगू? की गेल्या महिन्यात परीक्षेच्या अभ्यासात जेवले नाही, आणि मग पोटात... की मी तोंडात उशी धरली म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही? की मीसुद्धा एक बाटली त्या खिडकीत...

नको. हात सोडा ना, माझा हात नेहमीच गार असतो. उठू नका तुम्ही, प्लीज. मला माहितेय उपाय आहे, तुमच्याआधीपासून माहितेय, मीच तर सांगितलं तुम्हाला! उपायाची भीती नाही वाटत. आत्या माझ्याकडे बघेल, त्याची वाटते. ती नुसती बघेल, जशी कोपऱ्यातून बघायची तशी, आणि परत वर — मी सांगेन, खरंच सांगेन, तुमचं लग्न होऊ दे. आज ती किती हसतेय, ऐकलंत ना? तुम्ही आज काही —

हो आत्या! आले! — डोळे पुसा वहिनी, पटकन, ती जिन्यातच आहे — नाही गं आत्या, कुठे काय, वहिनींना खिडकीतून मागची गल्ली दाखवत होते, त्या विचारत होत्या ही खोली आधी कुणाची, तर मी म्हटलं कुणाचीच ना—