कुलरसमोर हेल्मेट

जालन्यात स्पेअर पार्टच्या दुकानात मोटरसायकलचा आरसा घ्यायला थांबलो होतो. शेजारी एक गृहस्थ हेल्मेट पाहत होते. दुकानदार त्यांना रामराव म्हणत होता. मागं त्यांची बायको उभी होती.

"रोज मंठ्याहून दोघं येतो. कानात वारं असं वाजतं, की ही मागं बसून काय म्हणती ते कळतच न्हाई."

"ढिलं असल तर वाजणारच. हे घाला. गाल दाबले पाह्यजेत, अन् मानेपाशी फट नको."

"दुकानात काय कळणार? इथं कुठंय वारं?"

"कुलर हाय ना. फुल करतो, तोंड त्याच्याकडं करा. वहिनी, तुम्ही मागून बोला काही. गाडीवर बोलता तसंच."

"आवो, माझ्या माहेरच्या फाट्यावरून जरा आत वळा. बाबा खाटेवर पडून हायेत. पाच मिनिटं बघून येऊ."

"हां, रामराव, काय ऐकू आलं?"

"फाट्यावरून आत वळा म्हणती."

"बराबर! बिलकुल साफ आलं की!"

"हे तुला आत्ता सुचलं का गं?"

"रोज म्हणते. पोळ्यापासून. तुम्ही हं म्हणता, अन् फाटा मागं जातो."

"मंग, रामराव, हेच बांधू?"

"हे जरा घट्टच होऊन राह्यलंय. एखादं ढिलं दाखवा."

"ढिल्यात वारं लई वाजतं."

"वाजू द्या."

"न्हाई दादा, हेच द्या. अन् बांधू नका. ते घालूनच येतील फाट्यापर्यंत."