पहिल्या नंबराचं पत्रक

रक्ततपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक मावशी आणि त्यांची विद्यापीठात शिकणारी भाची उभ्या होत्या.

“मावशी, तुझ्या हातातलं सूचनापत्रक आमच्या गटानं केलंय! वैद्यकीय अनुवादाच्या कार्यशाळेत पहिला नंबर आला त्याला.”

“हो का? मग हे काय गं, ‘चाचणीपूर्व अष्टतासिक निराहारावस्था अपरिहार्य’?”

“सरांना तेच वाक्य सगळ्यात आवडलं.”

“आणि कळलं कुणाला?”

“अख्ख्या वर्गाला. प्रात्यक्षिकच होतं ना, एकमेकांना वाचून दाखवायचं.”

“म्हणजे मूळ इंग्रजी तुम्ही सगळ्यांनी आधीच वाचलेलं?”

“अर्थात! त्याशिवाय कळणार कसं?”

“एखाद्या पेशंटला दाखवायचंत की.”

“कार्यशाळेत पेशंट कुठून आणणार? पेशंट मीच झाले होते.”

तेवढ्यात खिडकीतून नर्सनं विचारलं, “काकू, सकाळपासून काही खाल्लंत?”

“चहा आणि चार बिस्किटं.”

“मग आज रक्त घेता येणार नाही. उद्या उपाशीपोटी या.”

“दोन बस बदलून आले हो मी! बघ गं, ह्यांनी कसं चटकन सांगितलं. ह्यांनाच बोलवा की कार्यशाळेत शिकवायला.”

“नाही गं घेणार त्यांना. त्यांच्याकडे भाषेची पदवी कुठाय?”